हॉजकिनच्या पेशीचं मूळ शोधताना : माझा अनुभव

हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लिम्फ नोडमध्ये (लसीका ग्रंथीत) होणारा एक कॅन्सर. त्याच्या गाठीत कॅन्सरची पेशी अक्षरशः हुडकून काढावी लागते. बहुतेक कॅन्सरमध्ये गाठीच्या तुकड्यातून डीएनए काढला की त्यातला बराचसा कॅन्सर पेशींचाच निघतो. इथे शंभरात जेमतेम एखादी पेशी कॅन्सरची; बाकी सगळी गर्दी रोगप्रतिकारक पेशींची: टी-पेशी, साध्या बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या घराण्यातल्या), इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी आणि मॅक्रोफेज. अख्खा तुकडा तपासला तर उत्तर त्या गर्दीचं येतं. पीएचडीसाठी मी या पेशींच्या उगमाचा विषय घेतला, तेव्हा सगळं काम या एका अडचणीभोवती बेतावं लागणार हे उघड होतं.

ही कॅन्सरची पेशी म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती नजरेला लगेच सापडते. आकाराने मोठी, दोन किंवा जास्त केंद्रकं, प्रत्येकात ठसठशीत न्यूक्लिओलस. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये तिचं वर्णन केलं. स्टर्नबर्ग या आजाराला क्षयाचाच एक प्रकार मानत होते, रीड यांनी ते खोडून काढलं. पण ही पेशी मुळात कोणत्या पेशीपासून झाली, हा वाद पुढे नव्वदेक वर्षं चालला. कारण तिचे मार्कर, म्हणजे पेशीची ओळख सांगणारी, रंगवून पाहता येणारी प्रथिनं, कुठल्याच एका घराण्याशी जुळत नाहीत. सीडी३० या मार्करचा रंग जोरात चढतो, बहुतेकदा सीडी१५ सुद्धा, जो एरवी ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या पेशींवर दिसतो. बी-पेशीचा सीडी२० बहुतेक वेळा नाही, टी-पेशीचा सीडी३ नाही, पांढऱ्या पेशींवर हमखास असणारा सीडी४५ सुद्धा नाही. फक्त पॅक्स५ हा बी-पेशीचा मार्कर फिकट दिसतो. त्यामुळे मॅक्रोफेज, डेंड्रायटिक पेशी, टी-पेशी, बी-पेशी, प्रत्येक मताला जाणकार पाठीराखे होते.

मार्कर पुसले जातात, पण बी-पेशीच्या डीएनएतला एक बदल पुसला जात नाही. अँटीबॉडी तयार करण्यासाठी बी-पेशी व्ही, डी आणि जे हे जीनचे तुकडे कापून जोडते. ही जोडणी प्रत्येक बी-पेशीत वेगळी असते आणि तिच्या सगळ्या वंशात तीच उतरते. राल्फ क्युपर्स, क्लाउस रायेव्स्की आणि मार्टिन-लिओ हान्समान यांच्या गटाने १९९४ मध्ये नेमक्या याच आधारावर, एकेक पेशी वेचून, प्रश्न बी-पेशीच्या बाजूने वळवला. माझी पद्धत त्यांच्याच वाटेवरची, फक्त वेचायला लेझर.

गोठवलेल्या लिम्फ नोडचे पातळ सेक्शन घ्यायचे, सीडी३० ने रंगवायचे, स्क्रीनवर पेशीभोवती रेघ ओढायची. लेझर त्या रेघेवरून फिरतो आणि पेशी उडून वरच्या ट्यूबच्या झाकणात जाते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पेशीला टी-पेशी चिकटून बसलेल्या असतात, आणि रेघ जरा बाहेर गेली की शेजारणीचा डीएनए सोबत येतो. मी अशा पेशी सरळ सोडून द्यायचे. थोड्या पेशी, पण निर्विवाद, हे माझ्या मार्गदर्शक सरांचं धोरण मला मनापासून पटलेलं होतं. शिवाय सेक्शन घेतानाच केंद्रक कापलं गेलेलं असतं, म्हणून कित्येक पेशींमधून काहीच हाती लागत नाही. म्युटेशन (डीएनएतल्या अक्षराचा बदल) नेमकं प्राइमर, म्हणजे डीएनएची प्रत सुरू करणारा छोटा तुकडा, बसायच्या जागी असेल तरीही तेच.

सगळ्यात जास्त जपावं लागलं ते कंटॅमिनेशनला, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळण्याला. एका पेशीतला एवढासा डीएनए दोन फेऱ्यांच्या पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने) वाढवायचा, म्हणजे आधीच्या प्रयोगातला एखादा रेणू आला तरी तोच वाढणार. म्हणून पीसीआरपूर्वीची खोली वेगळी, पिपेट वेगळे, कोट वेगळा. प्रत्येक बॅचमध्ये सेक्शन ज्यावर ठेवतात त्या मेम्ब्रेनचे, पेशी नसलेले तुकडे आणि शेजारच्या टी-पेशीसुद्धा वेचायच्या. रिकाम्या तुकड्याच्या लेनमध्ये पुसटसा बँड आला तरी अख्खी बॅच बाद. असं झालं की जीव तुटायचा, पण दुसरा मार्ग नव्हता. ही शिस्त नसलेल्या निकालावर मी आजही विश्वास ठेवणार नाही.

मग एका नमुन्यात सिक्वेन्स एकाखाली एक लावले आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वेचलेल्या पेशींमध्ये तीच व्ही-जोडणी निघाली, सांध्यावरच्या अक्षरांसकट. म्हणजे सगळ्या एकाच बी-पेशीच्या वंशातल्या. मूळ जीनशी ताडून पाहिलं तर बरीच म्युटेशन्स, आणि सगळ्या पेशींत एका ठिकाणी सीएजीच्या जागी टीएजी. हा स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रथिन इथेच थांबवा अशी खूण. अँटीबॉडी इथेच अर्धवट तुटणार.

हे एक अक्षर फार बोलकं आहे. अशी म्युटेशन्स बी-पेशीला जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे लिम्फ नोडमधल्या बी-पेशी घडवणाऱ्या भागात मिळतात, आणि तिथे अँटीबॉडी बिघडलेली पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे स्वतःहून, मरते. ही मेली नाही. जवळपास चौथाई रुग्णांत असे घातक बदल सापडतात, म्हणून रीड-स्टर्नबर्ग पेशी ही जर्मिनल सेंटरमधली, मरायला हवी होती पण वाचलेली बी-पेशी मानली जाते. वाचली कशी, याचा एक धागा त्याच नमुन्यात मिळाला: ईबर चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे एप्स्टाइन-बार विषाणू आत होता. त्याचं एलएमपी२ए प्रथिन हरवलेल्या बी-सेल रिसेप्टरचा (पेशीच्या पृष्ठभागावरच्या अँटीबॉडीचा) सिग्नल पुरवतं, एलएमपी१ हे बी-पेशीला जगण्याचा इशारा देणाऱ्या सीडी४० सारखं काम करतं. अँटीबॉडीचा जीन असा मोडलेल्या रुग्णांत हा विषाणू जवळजवळ नेहमी आढळतो. विषाणू नसलेल्या गाठींमध्ये बऱ्याचदा ए२० या आवर घालणाऱ्या प्रथिनाचा जीन बिघडलेला असतो आणि पेशीला जगवणारा एनएफ-कप्पा-बी हा सिग्नल चालूच राहतो.

आता मी कॉम्पोझिट लिम्फोमाच्या नमुन्यावर आहे, म्हणजे एकाच रुग्णात हॉजकिन आणि दुसरा बी-सेल लिम्फोमा. दोन्हींत जोडणी एकच निघाली, काही म्युटेशन्स सामाईक आणि काही ज्याच्या त्याच्या, तर दोघांचा पूर्वज जर्मिनल सेंटरमधलाच ठरेल आणि फाटा कुठे फुटला तेही कळेल. हॉजकिनच्या बाजूच्या पेशी वेचून झाल्या आहेत, दुसऱ्या बाजूच्या अजून व्हायच्या आहेत.