शॅपच्या उतारावर कळलं, ग्रीस कुठे लावायचं नसतं

ज्याच्याकडून जुनी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली, त्याने चावी देताना सांगितलं होतं, "टो बॉलला ग्रीस भरपूर लावत जा." टो बॉल म्हणजे गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर कॅराव्हॅन अडकते. लावलं. लंडनजवळच्या स्लाऊहून उत्तर इंग्लंडमधल्या केझिकला निघालो. एम ६ मोटरवेवर शॅपचा माथा ओलांडून पेनरिथकडे उतरताना आडवा वारा होता, त्यात शेजारून एक मोठी बस गेली आणि मागची कॅराव्हॅन वळवळायलाच लागली. ब्रेक मारला नाही, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. थांबली. पुढची दहा मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही.

माझी हिच, म्हणजे कॅराव्हॅनचा बॉलवर बसणारा भाग, स्टॅबिलायझरवाली निघाली. तिच्या आत घर्षणाचे पॅड असतात, ते बॉलला आवळून धरतात म्हणून कॅराव्हॅन डोलत नाही. तिथे ग्रीस म्हणजे ब्रेकला तेल! साध्या हिचच्या बॉलला ग्रीस लागतं, हिला अजिबात नाही. (मागच्या लॉकरमध्ये तांदळाची गोणी होती, तोही गाढवपणाच. जड सामान ॲक्सलजवळ ठेवा.)

केझिकला मेकॅनिक बोलावला. पॅड ग्रीस प्यायलेले, बदलावेच लागले. त्याचे पैसे दिले, तक्रार नाही. पण बॉल पुसायचे वेगळे ४५ पौंड? शुद्ध लूट. फडक्यावर ब्रेक क्लीनर घ्या आणि फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत बॉल पुसा. गंज किंवा रंग असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. नव्या बॉलवरचा रंगही काढावा लागतो, नाहीतर वळणावर करकर ऐकत बसाल. पॅडवर नुसती धूळ असेल तर हलकेच घासा, ग्रीस मुरलं असेल तर वेळ घालवू नका, बदला. व्हर्नियर असेल तर बॉल मोजा: नवा ५० मिमी असतो, ४९ च्या खाली गेला की भंगारात.

ग्रीस गन घेतलीच असेल तर ती हिचमागच्या दांड्याच्या निपलांवर (ग्रीस भरायच्या तोंडांवर) चालवा, तिथे ते हवंच.

केझिकचे तीन दिवस छान गेले, तळं वगैरे. परतताना ताशी ५५ मैलांच्या वर गेलो नाही. कायदा ६० देतो, माझा जीव देत नव्हता.

आणि बॉलवरची प्लास्टिकची टोपी आतून पुसा. माझ्या टोपीत जुनं ग्रीस साचलेलं होतं, ४५ पौंडांचा बॉल एका रात्रीत परत चिकट.