गाडीशिवाय वाघ पाहायचा तर

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. गच्चीवरून पश्चिमेला जे डोंगर दिसतात ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाणे दोघांच्या मध्ये पसरलंय. येऊरची बाजू आमची, पण वाघ-सिंहांची सफारी पलीकडे बोरिवलीला. कावळा अर्ध्या तासात पोचेल, आपल्याला मात्र डोंगराला वळसा घालावा लागतो. ठाण्यातल्या टिकुजिनीवाडीपासून बोरिवलीतल्या मागाठाण्यापर्यंत ११.८ किलोमीटरचा जोडबोगदा होतोय. जुलै २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. पण बोगदा होईपर्यंत आमचा लेक वाघ बघायच्या वयाचा राहील याची खात्री नाही.

आमच्याकडे गाडी नाही आणि घ्यायचा विचारही नाही. त्यामुळे दिवाळीनंतर लेकाने वाघ, पेंग्विन आणि फ्लेमिंगो अशी यादी हातात दिली, तेव्हा सगळं लोकल, बस आणि मेट्रोनेच करायचं होतं. आम्ही चौघं: मी, नवरा, सात वर्षांचा लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण घरी थांबायला त्या तयार नव्हत्या.

सुरुवात राणीबागेने, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाने केली, कारण तिथे जाण्यासारखं सोपं काही नाही. ठाण्याहून भायखळ्याला थांबणारी फास्ट लोकल, पूर्वेला बाहेर पडायचं आणि पायी दहा मिनिटं. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती याच मार्गावर, म्हणजे ठाणेकरांची ही वाट चांगलीच जुनी. फक्त वार बघून निघायचं. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि गुरुवारी बंद. मुलांच्या सुट्टीत हे हमखास विसरलं जातं आणि लोक दारातून परततात. दुसरी भानगड रविवारच्या मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी रेल्वेमार्ग बंद ठेवतात त्याची. ब्लॉक माटुंगा ते मुलुंडदरम्यान असला की फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, गर्दी दुप्पट होते आणि मुलाला कडेवर घेऊन उभं राहावं लागतं. म्हणून आमच्या घरात प्राण्यांचा वार शनिवार.

तिकीट मोठ्यांना ५० आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५ रुपये. पेंग्विन २०१६ मध्ये सेऊलहून आणलेले, हम्बोल्ट जातीचे, म्हणजे मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना वातानुकूलित घरात बघताना लेकाचा पहिला प्रश्न, ‘‘यांना पण एसी लोकल लागते का?’’ मला स्वतःला पेंग्विनपेक्षा बागेतली जुनी झाडं आवडतात, विशेषतः गोरखचिंच. सासूबाई त्या झाडाखालीच बसून राहिल्या आणि त्यांच्या मते तीच सहलीतली सर्वांत चांगली जागा होती.

खरा खल झाला तो बोरिवलीसाठी. ठाण्याहून तिथे जायचे तीन मार्ग. पहिला, लोकलने दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वे, मग बोरिवली. नवऱ्याचा हाच लाडका, कारण कॉलेजात तो असाच जायचा. पण दादरचा पूल गुडघेदुखीच्या माणसाला आणि हात सोडून पळणाऱ्या मुलाला एकाच वेळी पार करायला सांगणं मला पटेना. दुसरा, घोडबंदर रोडने थेट बोरिवलीला जाणारी टीएमटी, म्हणजे ठाणे महापालिकेची बस. ती मानपाड्यावरूनच जाते आणि कुठेही बदलावी लागत नाही. तिसरा, घाटकोपरहून मेट्रो.

नवरा म्हणाला, ‘‘घोडबंदरला बस अडकली तर दुपार होईल. गायमुखचा घाट तुला माहितीय.’’

मला माहीत होताच. घोडबंदर रोडवर एकीकडे मेट्रोचं काम, दुसरीकडे जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर. गायमुखला एक ट्रेलर बंद पडला की कासारवडवलीपर्यंत रांग लागते. पण ही सगळी रड दिवस वर आल्यावरची. शनिवारी पहाटे तोच रस्ता मोकळा असतो. शिवाय जाताना आणि येताना एकाच वाटेने गेलं पाहिजे असा काही नियम नाही. हे एकदा डोक्यात आल्यावर कोडंच सुटलं. जाताना टीएमटी, येताना मेट्रो.

सकाळी पावणेसातला मानपाड्याला बस पकडली. सगळ्यांना बसायला जागा. घाट उतरून फाउंटन, काशीमिरा, दहिसर चेकनाका करत बस पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागली. राष्ट्रीय उद्यानाचं मोठं दार महामार्गालगतच आहे, त्यामुळे बोरिवली स्टेशनपर्यंत जायचं नाही, आधीच उतरायचं. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवलं होतं. लेकाला खिडकीतून डोंगर कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं वाटत होतं. प्रत्यक्षात संपूर्ण रस्ता आपण त्याच जंगलाला वळसा घालत असतो. नकाशा दाखवून समजावलं, पण त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

उद्यान सोमवारी बंद असतं. दारावरचं तिकीट वेगळं, सफारीचं वेगळं. सफारी नऊच्या पुढे सुरू होते, म्हणून लवकर पोचलो तरी थोडा वेळ काढावा लागला. लेक आणि नवरा भाड्याच्या सायकली घेऊन गेले. मी आणि सासूबाई डबा उघडून बसलो, आणि माकडांच्या भीतीने लगेच बंद केला. इथे हातात पिशवी धरून खाऊ नये, हे सांगायला फलक लागत नाही, पहिलं माकडच सांगून जातं.

सफारीत जाळी बसला असते, वाघ मोकळा. लेकाला ही अदलाबदल फार आवडली. वाघ दिसला, सावलीत पसरलेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघणारा. सिंह उठून दोन पावलं चालला म्हणून बसमध्ये टाळ्या पडल्या. पुढे कान्हेरीलाही जायचं का, असा विषय निघाला. शंभराहून जास्त लेणी, तीही चढावर. सासूबाईंनी चढाकडे पाहून ‘‘तुम्ही जा’’ म्हटलं आणि त्यांना एकटं सोडायचं नव्हतं म्हणून तो बेत बारगळला. माझं मत विचाराल तर सफारी आणि कान्हेरी एका दिवसात लहान मूल आणि वयस्कर माणूस असताना करूच नये.

परतीचा मार्ग तपशिलात सांगते, कारण हा मला कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं. उद्यानाच्या दाराजवळच महामार्गावर मेट्रो ७ चं ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानक आहे. तिथून अंधेरीच्या दिशेने शेवटच्या गुंदवली स्थानकापर्यंत जायचं. गुंदवलीहून पादचारी पुलानेच मेट्रो १ च्या ‘पश्चिम द्रुतगती महामार्ग’ स्थानकात शिरता येतं, खाली रस्त्यावर उतरावं लागत नाही. तिथून घाटकोपर, आणि घाटकोपरला मेट्रोतून रेल्वेच्या पुलावर. मग ठाण्याची स्लो लोकल. दोन मेट्रो दोन वेगळ्या संस्था चालवतात, त्यामुळे पूर्वी दोन तिकिटं काढावी लागायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ ॲपवर आता एकत्र काढता येतं. मेट्रोच्या स्थानकांत लिफ्ट आहेत, आणि सासूबाईंच्या लेखी हा प्रश्न तिथेच मिटला. घाटकोपरला मात्र फास्टच्या मागे लागू नये. स्लो दोन-चार मिनिटांत येते आणि मुलांना घेऊन चढायला तीच बरी. ठाण्यात उतरून सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनला जोडलेल्या उंचावरच्या बसथांब्यावरून, मानपाड्याची बस. सकाळच्या बसपेक्षा वेळ जास्त लागला, पण घाटात ताटकळत बसण्यापेक्षा हलत राहिलेलं बरं.

फ्लेमिंगोंसाठी लोकलच्या टाइमटेबलपेक्षा समुद्राचं टाइमटेबल महत्त्वाचं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं. ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते. ठाण्याहून पनवेल-वाशीच्या बाजूची ट्रान्स हार्बर लोकल पकडली की दिघा गाव आणि पुढचंच ऐरोली. स्टेशनवरून रिक्षा. हा प्रवास इतका छोटा की बिस्किटाचा पुडाही संपत नाही.

पण बोटीची वेळ भरतीवर ठरते आणि भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. म्हणून ‘शनिवारी सकाळी जाऊ’ असं आपण ठरवून चालत नाही. इथे सासूबाई कामाला आल्या. त्यांचं माहेर अलिबागकडचं. कालनिर्णय उघडून त्यांनी तिथी पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘तिथीची पाऊणपट कर. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. तेवढ्या वाजता भरती.’’ मी खाडीच्या भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर काढलं, थोडा फरक होता, पण हिशेब जुळला. मग आम्ही पुनवेच्या आसपासचा शनिवार धरला, केंद्राकडे बोटीचं आरक्षण केलं आणि त्याच वेळेवरून मागे मोजत लोकल ठरवली. उधाणाच्या दिवसांत भरती दुपारच्या सुमाराला येते, त्यामुळे पहाटे उठायचीही गरज पडली नाही.

बोट तिवरांच्या कडेने गेली आणि पुढे पाण्यावर गुलाबी पट्टा दिसू लागला. जवळ गेल्यावर पट्ट्याचे पाय दिसले. लेकाने यादीत खूण करायला पेन मागितलं. परतीला केंद्राबाहेर रिक्षा उभी असेल असं गृहीत धरू नका. येतानाच्या रिक्षावाल्या दादांचा नंबर घेऊन ठेवला होता, ते पाचच मिनिटांत आले. आणि हे सगळं मेपर्यंत उरका. पावसाच्या तोंडावर पक्षी निघून जातात.

यादी संपली होती, पण सासूबाईंनी कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य सुचवलं. माहेरच्या वाटेवरचं, पण कधी उतरून पाहिलं नव्हतं. ठाण्याहून पनवेलपर्यंत थेट लोकल, पनवेलच्या एसटी स्थानकातून पेण किंवा अलिबागची साधी गाडी. चढायच्या आधी ‘‘कर्नाळ्याला थांबणार ना?’’ हे विचारायचंच, कारण लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत. महिलांना निम्मं तिकीट, ज्येष्ठ नागरिक म्हणून सासूबाईंनाही निम्मं, लेकाचं वयामुळे निम्मं. चौघांत पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं. तो कर्नाळा येईपर्यंत बडबडत होता.

कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे. समोर काही आणून ठेवलेलं नसतं, आवाज ऐकत थांबावं लागतं. प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात आणि परत दाखवल्यावर ती देतात. म्हणून आम्ही स्टीलच्याच नेल्या. पक्षी सकाळी लवकर बोलतात, त्यामुळे पनवेलची पहिल्या फेऱ्यांतली लोकल गाठावी. परत यायलाही दुपारी बाराच्या आत रस्त्यावर उभं राहावं, पनवेलकडे जाणाऱ्या बाजूला. सुट्टीच्या संध्याकाळी अलिबागहून येणाऱ्या गाड्या दाराला लटकेपर्यंत भरलेल्या असतात, आणि तशी एसटी घाटात कितीही हात दाखवला तरी थांबत नाही.