तुम्ही विचारलंत म्हणून : जोडीने काम करणाऱ्यांना काय विचारावे?

कवी आणि संगीतकार, नाटककार आणि दिग्दर्शक, किंवा दोन दिग्दर्शक अशा जोडीला व्यासपीठावर बोलते करायचे असेल तर प्रश्न कसे निवडता, हे मला कार्यक्रम संपल्यावर हमखास विचारले जाते. विचारणाऱ्याला बहुधा तयार प्रश्नावली हवी असते. ती माझ्याकडे नाही. एक कसोटी मात्र आहे. ज्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दोघांपैकी कोणीही एकटा देऊ शकतो, तो प्रश्न मी वहीतून खोडते. एकट्याच्या मुलाखतीत तो शोभेलही, पण जोडीसमोर विचारला की एक जण बोलत राहतो आणि दुसरा मान डोलावत बसतो.

‘तुमचे सूर कसे जुळले?’ हा प्रश्न या कसोटीवर लगेच पडतो, कारण त्याचे उत्तर दोघांनाही पाठ झालेले असते. ‘आधी शब्द की आधी चाल?’ हाही तितकाच झिजलेला प्रश्न, पण तो एखाद्या विशिष्ट गाण्याला बांधला की अजूनही चालतो. ‘गीतरामायणा’चे उदाहरण घ्या. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेल्या या मालिकेत गदिमा (कवी ग. दि. माडगूळकर) आणि बाबूजींनी (संगीतकार सुधीर फडके) वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक या हिशेबाने ५६ गीते दिली. तिथे शब्द आधी आणि चाल नंतर, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच पुन्हा विचारण्यात काय हशील? मात्र पहिल्याच गीताचा कागद ऐनवेळी सापडेना आणि गदिमांना ते पुन्हा लिहावे लागले, अशी आठवण सांगितली जाते. ही जोडी समोर असती तर मी एवढेच विचारले असते, की दुसऱ्यांदा लिहिताना शब्द बदलले का, आणि तोवर पहिल्या शब्दांवर चाल सुचू लागली होती का? पहिला भाग फक्त कवीला माहीत, दुसरा फक्त संगीतकाराला, आणि दोन्ही एकत्र आल्याशिवाय त्या दिवशी काय घडले ते कळत नाही.

असे प्रश्न घरबसल्या सुचत नाहीत. कार्यक्रमाआधी मी दोघांना वेगवेगळे भेटते, एकच गोष्ट दोघांना विचारते आणि हकिकती कुठे जुळत नाहीत ते टिपून ठेवते. एका नाटकाच्या संहितेत एका पदाला तीन अंतरे छापलेले होते आणि रंगमंचावर दोनच गायले जात. संगीतकार मला म्हणाले होते, की नटाला हालचाली करत गाताना दम पुरत नव्हता, म्हणून तिसरा अंतरा त्यांनीच गाळला. नाटककार बाई म्हणाल्या, की तो त्यांनीच मागे घेतला, कारण पुढच्या प्रवेशात जे उघड व्हायचे ते नायिका त्या अंतऱ्यात आधीच सांगून टाकत होती. व्यासपीठावर मी संहितेचे ते पान दोघांच्या मध्ये ठेवले आणि तिसरा अंतरा कुठे गेला, असे विचारले. त्यानंतर बराच वेळ मला बोलावेच लागले नाही. (मुलाखतकाराने गप्प बसण्याचेही मानधन घ्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.)

दोघे एकच काम करत असतील, तर मी मतभेदांपेक्षा कामाच्या वाटणीवर अधिक भर देते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तीन दशकांहून अधिक काळ जोडीने चित्रपट केले. पटकथा भावे यांची आणि गीते सुकथनकरांची, ही वाटणी श्रेयनामावलीत वाचता येते. दिग्दर्शनाची वाटणी मात्र तिथे दिसत नाही. टेक संपल्यावर नटाने कोणाकडे पाहायचे, ‘पुन्हा घेऊ’ हे कोणी म्हणायचे, आणि एकाला टेक पसंत पडला व दुसऱ्याला नाही तर युनिटसमोर काय बोलायचे, हे दोन दिग्दर्शकांना विचारण्यासारखे प्रश्न आहेत. ‘तुमची भांडणे होतात का?’ असे विचारले तर हसून वेळ मारून नेता येते. या प्रश्नांना मात्र प्रसंग सांगावाच लागतो आणि भांडण असेल तर ते त्यात आपसूक येते.

पैसा आणि श्रेय हे विषय मी टाळत नाही, पण ते विचारणार असल्याचे दोघांना आधी कळवते. एकालाच कळवणे हा दुसऱ्यावर अन्याय आहे. शिवाय ते पूर्वार्धात कधीच काढत नाही, कारण एकदा मन आखडले की पुढे चालीबद्दल बोलतानाही माणूस शब्द मोजू लागतो.

प्रेक्षकांच्या चिठ्ठ्या बहुतेक वेळा अधिक प्रसिद्ध असलेल्याच्याच नावाने येतात. त्या मी नाव न वाचता दुसऱ्याला विचारते. ज्याच्या नावाने चिठ्ठी आलेली असते, तो उत्तर दुरुस्त करायला फार वेळ थांबत नाही.