रिटर्न कोणाकडून भरायचं, कोणत्या करप्रणालीत भरायचं: माझा अनुभव

आमच्या घरची आयकराची रिटर्न वर्षानुवर्षं साताऱ्यातले एक सीए भरून देत. वयोमानामुळे त्यांनी काम थांबवलं आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न भरताना आमच्यासमोर प्रश्न उभा राहिला. नवा सीए गाठायचा, पैसे घेऊन रिटर्न भरून देणाऱ्या खासगी साइटवर जायचं, की आयकर खात्याच्या पोर्टलवर आपणच भरायचं? रिटर्न दोन होती. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, मी नोकरदार.

"रक्कम मोठी असेल तर सीएकडे जा," असं बहुतेकांनी सांगितलं. मला तो निकष पटत नाही. पैसा किती यापेक्षा तो कुठून येतो ते आधी पाहावं. पगार किंवा पेन्शन, एक घर, ठेवींचं व्याज आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल, तर आयटीआर-१ म्हणजे 'सहज' हा सोपा फॉर्म पुरतो आणि तो पोर्टलवर फुकट भरता येतो. माझा भाऊ मात्र शेअर बाजारात इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकण्याचे व्यवहार करतो. ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, त्याला आयटीआर-३ लागतो. त्याला मी आग्रहाने सीएकडेच पाठवलं.

आईच्या फॉर्ममध्ये पेन्शन आणि बँकेतल्या ठेवींचं व्याज आधीच भरून आलं होतं. इथे बरेच जण 'पुढे' दाबून मोकळे होतात. मी पोर्टलवरून २६एएस (कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (खात्याकडे असलेली आपल्या उत्पन्नाची नोंद) उतरवून घेतलं आणि आईची पासबुकं शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. बँकेचं ९२,००० व्याज आणि त्यावर बँकेने आधीच कापलेला ९,२०० कर, म्हणजे टीडीएस, बरोबर होता. पण शिक्षकांच्या पतसंस्थेतल्या ठेवीचं १८,००० व्याज एआयएसमध्ये कुठेच नव्हतं. ते तिथे नाही म्हणून करातून सुटत नाही. 'इतर उत्पन्ना'त ते मी स्वतः घातलं. आपल्याकडे गावोगावी पतसंस्थांत पैसे असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मग करप्रणाली. कर मोजायच्या दोन पद्धती आहेत: नवीत दर कमी पण वजावटी थोड्या, जुनीत दर जास्त पण वजावटी बऱ्याच. आईचं एकूण उत्पन्न ७,२०,०००. नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगार किंवा पेन्शनवर सरसकट मिळणारी) गेली की ६,४५,००० उरतात. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ८७ए कलमाखाली करात सूट होती, म्हणजे कर शून्य. जुन्या प्रणालीत ५०,००० प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ८०टीटीबीची ५०,००० वजावट धरूनही उपकरासह ३५,३६० भरावे लागले असते. "म्हाताऱ्या माणसांना जुनीच बरी" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. आईच्या बाबतीत ते साफ चुकीचं निघालं.

माझं उलटं. पगार १४ लाख. कंपनीने नव्या प्रणालीनुसार कर कापला होता, कारण २०२३-२४ पासून आपण काही कळवलं नाही तर तीच धरतात. उपकर सोडून तो १,०५,००० झाला होता. जुनीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, ८०सी कलमातल्या बचतीचे दीड लाख, गृहकर्जाचं दोन लाख व्याज आणि माझ्या आरोग्यविम्याचे २५,००० धरले तर १,०७,५००. फरक अगदी थोडा. पण आईच्या आरोग्यविम्याचा ३८,००० हप्ता मीच भरते. तो ८०डी, म्हणजे आरोग्यविम्याच्या वजावटीत, धरल्यावर जुन्या प्रणालीत कर ९९,९०० वर आला. धंद्याचं उत्पन्न नसेल तर ही अदलाबदल रिटर्नमध्येच करता येते. मात्र रिटर्न मुदतीत भरावं लागतं, नंतर जुनी प्रणाली मिळत नाही. त्या वर्षीची मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली होती.

आकडेमोडीपेक्षा कागद जमवण्यातच जास्त वेळ गेला. गृहकर्जाच्या व्याजासाठी आता कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक कर्ज एवढं सगळं विचारतात. विम्याच्या पॉलिसीचा क्रमांकही लागतो. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं.

रिटर्न सादर केलं की संपलं असं नाही. रिटर्न आपणच भरलं याची ऑनलाइन खात्री, म्हणजे ई-पडताळणी, ३० दिवसांत व्हायला हवी. आईच्या आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला, त्यामुळे आधार ओटीपी येईना. पण बँकेत तिचा चालू नंबर होता. पोर्टलवर ते खातं आधी प्रमाणित करून त्यावरून कोड मागवला आणि काम झालं. तेही जमलं नसतं तर आयटीआर-व्ही या पोचपावतीवर सही करून बंगळुरूला टपालाने पाठवायची सोय आहेच.

आईचे ९,२०० त्याच खात्यात परत आले. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बँकेतल्या व्याजावर टीडीएसची मर्यादा ५०,००० वरून एक लाखावर गेली आहे, त्यामुळे एवढ्या व्याजावर आता कपात होणार नाही. आईने त्या बँकेत आणखी एखादी ठेव ठेवली आणि व्याज लाखाच्या वर गेलं, तर मात्र 'कर लागत नाही, टीडीएस कापू नका' असं बँकेला कळवणारा फॉर्म (तेव्हाचा १५एच) आधीच भरून द्यायचा, हे मी तिच्या पासबुकात चिठ्ठी घालून लिहून ठेवलं आहे.