खेळाडू हलू द्या, नियम थांबू द्या

जलज सक्सेना इंदूरचा. २००५-०६ च्या हंगामात तो मध्य प्रदेशकडून रणजीत उतरला, सलामीला यायचा आणि ऑफस्पिनही टाकायचा. २०१६ ला केरळात गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी महाराष्ट्राने त्याला घेतलं आणि इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरात जुना वाद नव्याने पेटला: खेळाडूंनी असे संघ बदलत फिरावं का? प्रतिपक्षाचे पुढारी आमच्या घरातच आहेत, ते म्हणजे माझे सासरे. अप्पांनी लहानपणी इंदूरचे जुने कसोटीपटू मुश्ताक अली यांची बॅटिंग बघितलेली, त्यामुळे क्रिकेटच्या बाबतीत आमच्याकडे शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांचं म्हणणं असं, की इथल्या मैदानांवर घडलेला मुलगा विकेटा दुसऱ्या राज्याच्या खात्यात घालतो, हे बघवत नाही.

मला बघवतं. मी कर सल्लागाराचं काम करते. दिवसभर रिटर्नं आणि नोटिसा, आणि एका कानात रणजीची कॉमेंट्री. इतकी वर्षं देशांतर्गत क्रिकेट बघून माझं मत पक्कं झालंय, की खेळाडू कुठून कुठे गेला याचा राग धरण्यात अर्थ नाही. राग धरायचाच तर दर हंगामाला बदलणाऱ्या नियमांचा धरावा. खेळाडू गेला की आपण गद्दारीची भाषा बोलतो, आणि खेळाचा पायाच हलवला तरी गप्प बसतो.

इंदूरकराने तर खेळाडूंच्या येण्याजाण्यावर बोलूच नये. होळकर संघ, म्हणजे इंदूर संस्थानाचा संघ, रणजी खेळला तो १९४१-४२ ते १९५४-५५. एवढ्यात चार वेळा करंडक आणला: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. हा संघ कोणाचा होता? सी. के. नायडू मूळचे नागपूरचे, महाराजांनी फौजेत हुद्दा देऊन त्यांना इकडे आणलं. हिरालाल गायकवाडही नागपूरचे. चंदू सरवटे सागरचे. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, त्या महाराष्ट्रासाठी. शिवाय ते बडोद्याकडून खेळले, होळकरांकडून खेळले, राजस्थान आणि रेल्वेकडूनही खेळले. आज कोणी इतके संघ बदलले तर लोक त्याला काय काय म्हणतील! निंबाळकरांचं नाव मात्र आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवं.

आणि डेनिस कॉम्प्टन. महायुद्धाच्या काळात हा इंग्लंडचा फलंदाज लष्करी नोकरीत महूला होता. महू इथून तासाभराच्या आत. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तो होळकरांकडून मुंबईविरुद्ध उतरला. ८६७ चं लक्ष्य होतं, त्याने नाबाद २४९ केल्या, होळकर ३७४ धावांनी हरले. अप्पा हा डाव त्यांच्या वडिलांकडून ऐकलेला सांगतात, आणि सांगताना कॉम्प्टन बाहेरचा होता हे त्यांच्या मनातसुद्धा येत नाही.

मी त्यांना हे एकदा बोलून दाखवलं. "अप्पा, कॉम्प्टन चालतो, मग जलज केरळला का नाही चालायचा?"

"कॉम्प्टन आला होता गं. हा गेला."

त्यांचं दुःख मला कळतं. पण जो एकीकडे येतो तो दुसरीकडून गेलेलाच असतो. नरेंद्र हिरवानी गोरखपूरहून किशोरवयात इंदूरला आला, इथे संजय जगदाळेंच्या नजरेखाली तयार झाला आणि जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेतले. चंद्रकांत पंडित मुंबईचे. ते मध्य प्रदेशकडून खेळायला आले आणि १९९८-९९ ला कर्णधार म्हणून संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी आपली होती, सामना अनिर्णित ठेवला असता तरी करंडक आपला होता, आणि शेवटच्या दिवशी डाव कोसळला. २०२२ मध्ये त्याच शहरात तेच पंडित प्रशिक्षक म्हणून उभे होते आणि मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवलं. मुंबईच्या माणसाने मुंबईला हरवून आपल्याला पहिला रणजी करंडक मिळवून दिला. त्या हंगामात आपल्याकडून ३२ बळी घेणारा कुमार कार्तिकेय उत्तर प्रदेशातला, दिल्लीत संधी मिळेना म्हणून इकडे आलेला. त्याला कोणी "परका" म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता २१ फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. आदल्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरण्याची मुदत संपलेली, ऑफिसात कधी नव्हे ती शांतता. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून मी अहमदाबादची उपांत्य फेरी लावली होती. गुजरात विरुद्ध केरळ, पाचवा दिवस. केरळने पहिल्या डावात ४५७ केलेल्या, त्याही अगदी रेटून, कारण पाच दिवसांत दोन्ही डाव संपणार नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. ज्याची पहिल्या डावात आघाडी तो अंतिम फेरीत. गुजरात ७ बाद ४२९ वर सकाळी खेळायला आला. हव्या होत्या २९ धावा. केरळचे दोन मुख्य फिरकी गोलंदाज कोण? एक आपला जलज, दुसरा त्याच हंगामात विदर्भातून आलेला आदित्य सरवटे. आणि ड्रेसिंगरूममध्ये मुख्य प्रशिक्षक अमय खुरासिया, मध्य प्रदेशचा जुना डावखुरा फलंदाज. नाव केरळचं असलं तरी मला तो संघ अर्धा आपलाच वाटत होता.

सरवटेने त्या सकाळी तिन्ही बळी घेतले. शेवटचा तर विसरणं शक्य नाही. गुजरात ४५५, म्हणजे आघाडीला तीन धावा कमी. अरझान नागवासवालाने जोरात फटका मारला. शॉर्ट लेगला अगदी तोंडासमोर सलमान निझार उभा होता. चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला, तिथून उंच उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात पडला. काही क्षण कोणालाच कळेना. फटका जरा वर गेला असता तर चौकार होता आणि गुजरात अंतिम फेरीत. केरळला आघाडी मिळाली दोन धावांची. त्याआधी उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध एका धावेची मिळाली होती.

आता यात नियम बघा. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला झेल पूर्वी धरत नसत. ऑक्टोबर २०१७ पासून एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लंडनच्या क्लबच्या, नव्या नियमांत तो बाद धरला जाऊ लागला. तेव्हा मला हा बदल पटला होता आणि आजही पटतो, कारण जीव धोक्यात घालून तिथे उभा राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाचं हेल्मेट त्याच्या अंगाचाच भाग आहे. महत्त्वाचं म्हणजे हा नियम आला आणि टिकला. सात वर्षांनी तो अहमदाबादला निर्णायक ठरला तेव्हा पंचांना, गोलंदाजाला, फलंदाजाला, सगळ्यांना तो पाठ होता. कोणी वाद घातला नाही. नियम असा मुरायला हवा.

पहिल्या डावाच्या आघाडीचंही तेच. अनेकांना हा नियम रटाळ वाटतो. मला वाटत नाही. सामना निकाली न लागल्यास आघाडीवाल्याला तीन गुण आणि दुसऱ्याला एक, आणि बाद फेरीत थेट पुढची पायरी, हे लहान गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणूनच केरळने तशी फलंदाजी केली आणि गुजरातने तसा पाठलाग केला. अंतिम सामन्यात हाच नियम केरळच्या मुळावर आला. नागपूरला विदर्भ ३७९, केरळ ३४२, सामना अनिर्णित आणि करंडक विदर्भाचा. केरळकडून सरवटेने ७९ केल्या, त्याही आपल्याच जुन्या संघाविरुद्ध. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात, आमच्या होळकर स्टेडियमवर, त्याने विदर्भासाठी केलेल्या धावाही ७९ होत्या. तो सामना मी स्टँडमध्ये बसून बघितला होता. गुरबानीची हॅटट्रिक, वाडकरचं शतक, आणि शेवटी मुंबईहून विदर्भात आलेल्या वसीम जाफरच्या बॅटमधून चौकार. प्रशिक्षक पंडितच. विदर्भाचा तो पहिला करंडक, आणि त्याच्यावर किती गावांची बोटं उमटलेली आहेत!

न हललेला माणूसही आपल्याकडे आहे. देवेंद्र बुंदेला १४५ रणजी सामने खेळला, सगळे मध्य प्रदेशकडून. प्रथम श्रेणीत दहा हजार धावा ओलांडल्या. भारताकडून एकदाही बोलावणं आलं नाही. जलज हलला, रणजीत ६००० धावा आणि ४०० बळी अशी दुहेरी करणारा पहिला ठरला, आणि त्यालाही भारताची टोपी मिळाली नाही. निष्ठेचं बक्षीस नाही आणि हलण्याची शिक्षाही नाही. मग जिथे रोज खेळायला मिळेल, जिथे कर्णधार हातात चेंडू देईल, तिथे माणसाने का जाऊ नये? तिशी ओलांडलेल्या खेळाडूला तर हीच पाच-सहा वर्षं उरलेली असतात. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागितली, नंतर मागे घेतली. त्यावर जेवढा गदारोळ झाला त्याची काही गरज नव्हती. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या पाहुण्या खेळाडूंवर मर्यादा आहे आणि ती हवीच, नाहीतर गावच्या पोरांना जागा उरणार नाही. मर्यादेच्या आत ज्याला जायचं त्याला हसत निरोप द्यावा.

महाराष्ट्राचा २०२५-२६ च्या हंगामातला पहिलाच सामना तिरुवनंतपुरमला, केरळशी. महाराष्ट्र ५ बाद १८. तिथून ऋतुराज गायकवाड आणि जलजने डाव उचलला, ऋतुराज ९१, जलज ४९. मग जलजने केरळचेच बळी घेऊन संघाला छोटी का होईना, आघाडी मिळवून दिली. अप्पा स्कोअर बघत होते. काही बोलले नाहीत, पण मोबाईल परत मागितला.

आता माझी खरी तक्रार. क्रिकेट मंडळाने इम्पॅक्ट प्लेअरचा नियम पहिल्यांदा आणला ऑक्टोबर २०२२ मध्ये, तोही राज्यांच्या टी-२० स्पर्धेत, म्हणजे सय्यद मुश्ताक अली करंडकात. चौदाव्या षटकाच्या आत एक खेळाडू बदलायचा. २०२३ पासून तो आयपीएलमध्ये गेला, जरा वेगळ्या रूपात. २०२४-२५ ला मुश्ताक अलीमधून काढून टाकला, आयपीएलमध्ये मात्र २०२७ पर्यंत ठेवलाय. म्हणजे तोच मुलगा डिसेंबरमध्ये अकरांच्या संघात खेळतो आणि एप्रिलमध्ये बाराच्या. डिसेंबरमध्ये सहाव्या क्रमांकावर फलंदाजी करून चार षटकं टाकणारा हवा असतो, एप्रिलमध्ये त्याची अर्धी कला डब्यात बंद. रोहित शर्माने २०२४ मध्ये उघड सांगितलं, की अष्टपैलू खेळाडू यामुळे मागे पडतात, आणि शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांची नावं घेतली. मी आमच्या व्यंकटेश अय्यरचं नाव जोडेन. कोलकात्याने त्याला २३ कोटी ७५ लाख मोजून घेतलं, पण त्याच्या हातात चेंडू किती वेळा दिला? इम्पॅक्ट गेला त्याच हंगामात मध्य प्रदेश मुश्ताक अलीच्या अंतिम सामन्यात पोचला, रजत पाटीदारने मुंबईविरुद्ध नाबाद ८१ केल्या. हरलो, पण अकरा जणांच्या बळावर खेळून हरलो. मुश्ताक अलींच्या नावाच्या स्पर्धेत निदान एवढं तरी जपलं गेलं, याचं मला समाधान आहे. आयपीएलमधूनही तो जावा, २०२७ ची वाट न बघता.

दुसरा घोळ टॉसचा. सी. के. नायडू करंडक तेवीस वर्षांखालच्या मुलांचा. २०२४-२५ ला तिथे टॉस बंद केला आणि आधी फलंदाजी की गोलंदाजी, हे पाहुण्या संघाने ठरवायचं असं केलं. मला हा बदल मनापासून आवडला होता. यजमान संघ आपल्याला हवी तशी खेळपट्टी बनवतो आणि टॉसही जिंकला की सामना पहिल्या सकाळीच झुकतो. पाहुण्यांना निवड दिली की खेळपट्टी आपोआप बरी बनते. इंग्लंडच्या कौंटी स्पर्धेत २०१६ ला असंच काहीसं सुरू झालं. टॉस न करता गोलंदाजी घ्यायची मुभा पाहुण्यांना दिली, आणि ते चार हंगाम चालवून मग बंद केलं. आपल्याकडे एका हंगामात आणला आणि पुढच्या हंगामात टॉस परत. एका वर्षात काय कळणार? त्या मुलांनी एक वर्ष एक पद्धत शिकायची, दुसऱ्या वर्षी विसरायची, आणि तिसऱ्या वर्षी वयोमर्यादा ओलांडून बाहेर पडायचं.

नायडूंच्या नावाच्या स्पर्धेत टॉसशिवायचा नियम परत आणावा आणि सलग तीन हंगाम हात न लावता चालू द्यावा. पहिल्या डावात किती धावा होतात, पाहुणे संघ किती सामने जिंकतात, सामने किती दिवस चालतात, हे आकडे जमवावेत आणि लोकांसमोर ठेवावेत. त्यानंतर काढायचा असेल तर काढा, माझी हरकत नाही.