दोन चिमण्या आणि एक पायलट

मंडळी, घर वाफेने तापवणाऱ्या आमच्या गॅस बॉयलरचा पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवायला सतत तेवत ठेवलेली छोटी ज्योत, का विझत होता ते अखेर सापडलं. थर्मोपाइलचा, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेतून वीज करणाऱ्या कांडीचा, दोष नव्हता. ऑरिफिसचा, म्हणजे पायलटला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचा, अर्धा होता. उरलेला अर्धा दोष स्वयंपाकघरात, शेगडीच्या बरोबर वर लटकत होता, आणि दिवाळीच्या आधी तो मीच हौसेने बसवून घेतला होता.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मी थर्मोपाइलवर येऊन थांबलो होतो. पायलट दर तीन-चार दिवसांनी जायचा. सकाळी उठावं तर रेडिएटर गार, बाहेर न्यू जर्सीची जानेवारी, आणि मी मोजे घालून बेसमेंटमध्ये गुडघ्यावर. टर्मिनलवर ३८० मिलिव्होल्ट, थर्मोस्टॅट चालू केला की १६५. गॅसचा व्हॉल्व्ह याच विजेवर उघडायचा, पण जेमतेम. ७५० मिलिव्होल्टवाल्या थर्मोपाइलकडून ५००च्या वर तरी मिळायला हवेत, म्हणून संशय तिथेच गेला.

पहिलं थर्मोपाइल ऑनलाइन मागवलं आणि पैसे वाया गेले. तारेचं कवच पातळ, टोकाची वेल्डिंग खडबडीत, आणि आकडा ३९५. जुन्यापेक्षा पंधरा जास्त! मग प्लंबिंगवाल्यांच्या घाऊक दुकानात गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जुनं थर्मोपाइल हातात घेऊन फिरवलं, टोकावरचा काळा-तांबडा पट्टा बघितला आणि एवढंच विचारलं, "ज्योत कुठे लागते याला?" मी उत्तर देईपर्यंत त्यांनी हनीवेलचं क्यू३१३ समोर ठेवलं होतं. किंमत दुप्पट. पण वस्तू हातात घेतली की फरक कळतो. मिलिव्होल्टच्या खेळात स्वस्त थर्मोपाइल घेऊ नका, हे माझं ठाम मत झालंय.

नवीन लावल्यावर आकडा ४५०. बरा, पण नवीन वस्तूला न शोभणारा. चौथ्या दिवशी पायलट पुन्हा गेला.

त्या गृहस्थांचा प्रश्न डोक्यात घोळत होता. आरसा आणि टॉर्च घेऊन ज्योत नीट बघितली. थर्मोपाइलचं वरचं अर्धा इंच टोक ज्योतीत बुडलेलं हवं. माझी ज्योत टोकाला नुसती चाटत होती, शेंडा पिवळा, आणि थोडी डावीकडे कललेली. ते कलणं तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं. मी फक्त पिवळ्या शेंड्याच्या मागे लागलो.

गॅस बंद केला, सगळं गार होऊ दिलं, पायलटची असेंब्ली बाहेर काढली. हवेच्या भोकावर करड्या रंगाचा मऊ थर होता, कपड्यांच्या ड्रायरमधून उडणाऱ्या कापसाचा, आणि त्यात बॉयलरच्या आतून गळलेली गंजाची बारीक पापुद्री. ऑरिफिसचं भोक ०.०१८ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. उजेडाकडे धरलं तर गोल दिसायच्या ऐवजी चंद्रकोरीसारखं दिसत होतं. इथे सुई घालायचा मोह होतो. घालू नका. पितळ मऊ असतं, भोक वाढलं की ज्योतीचं गणित कायमचं बिघडतं. रात्रभर अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलं आणि सकाळी डब्यातल्या हवेने फुंकलं. पुन्हा उजेडाकडे धरलं तर पूर्ण गोल, स्वच्छ पौर्णिमा. तो क्षण फार सुखाचा होता.

परत जोडून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. पायलट लावला, टोक हळूहळू तांबडं झालं आणि मीटर चढत गेला: ४९०, ५३०, ५६०. थर्मोस्टॅट चालू करून २७५. मुख्य बर्नर असा पेटला की मी दोन वेळा बंद करून पुन्हा लावून बघितला, नुसता तो आवाज ऐकायला.

नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी, रविवारी रात्री, पुन्हा गेला.

खरं सांगतो, त्या रात्री मी जवळजवळ हार मानली होती. हीटिंगवाल्या कंपनीचा माणूस मागेच सांगून गेला होता की हा जुना प्रकार काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, गॅसही वाचेल. त्याचं म्हणणं खोटं नाही. ताशी ६०० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं एकक) पायलट धरला तरी महिन्याला चारेक थर्म (गॅसबिलातलं एकक) गॅस नुसता ज्योत तेवत ठेवायला जातो. पण मग बॉयलरला चोवीस व्होल्ट लागणार, म्हणजे घरची वीज लागणार. माझ्या एका पाइपच्या स्टीमला आज विजेची गरजच नाही. पंप नाही, पंखा नाही. पायलटच्या उष्णतेतून अर्धा व्होल्ट तयार होतो, तोच व्हॉल्व्ह उघडतो, वाफ स्वतः वर चढते आणि पाणी होऊन त्याच पाइपातून स्वतः खाली येते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळानंतर या राज्यातली लाखो घरं अंधारात होती. आमच्या आधीच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं की त्या आठवड्यात शेजारची मंडळी त्यांच्याकडे झोपायला यायची, कारण याच घरात ऊब होती. हे मी स्वतःच्या हाताने मोडणार नाही.

मग ठरवलं, अंदाज बंद. ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि एडीएस१११५ (व्होल्टेज मोजणारी चिप) पडून होते. एडीएसची रेंज १.०२४ व्होल्टवर ठेवली की पायरी सुमारे ३१ मायक्रोव्होल्टची पडते, आपल्याला हवी त्याहून कितीतरी बारीक. व्हॉल्व्हवरच्या टीपी आणि टीएच-टीपी या थर्मोपाइलच्या टर्मिनलवर तारा लावल्या आणि दर दहा सेकंदांनी नोंद सुरू केली. ज्यांच्याकडे मिलिव्होल्ट व्हॉल्व्ह आहे त्यांनी हे आज करावं. मीटर फक्त तुम्ही समोर असताना खरं सांगतो.

आठवडाभराचा आलेख बघताना मला बसल्या जागी घाम फुटला. दिवसभर ५६०ची सरळ रेघ, बॉयलर चालू असताना २७५. आणि रोज संध्याकाळी पावणेसातला, बॉयलर बंद असतानासुद्धा, रेघ थरथरायला लागायची. ५००, ४२०, ३६०, परत ४५०. साडेसातला पुन्हा सरळ. गुरुवारी मात्र काहीच नाही, अगदी सपाट.

गुरुवारी एकादशी होती. आई सध्या आमच्याकडे आहे. तिने रताळी उकडली, आम्ही बाहेरून जेवण आणलं, आणि शेगडीवरचा हूड, म्हणजे धूर बाहेर ओढणारा पंखा, लागलाच नाही. पायलट विझला त्या रविवारी तिने बटाटेवडे केले होते: दीड तास हूड सर्वांत वरच्या गतीवर आणि सोबतीला ड्रायर.

लगेच खात्री करून घेतली. खिडक्या बंद, ड्रायर चालू, दोन्ही बाथरूमचे पंखे चालू. देवघरातली उदबत्ती घेऊन खाली गेलो आणि बॉयलरच्या ड्राफ्ट हूडच्या, म्हणजे धुराच्या नळीखालच्या उघड्या तोंडाच्या, कडेला धरली. धूर हळूच आत ओढला जात होता, जसा जायला हवा. आईला हाक मारून वरचा हूड पूर्ण गतीवर लावायला सांगितलं. चार-पाच सेकंद धूर जागच्या जागी उभा राहिला. मग त्याची रेघ वाकली आणि सरळ माझ्या तोंडावर आली, सोबत गार काजळीचा वास. आरशात बघितलं तर पायलटची ज्योत थर्मोपाइलपासून बाजूला झुकून फडफडत होती आणि टोकाचा तांबडा रंग काळा पडत चालला होता.

आई तोवर जिन्यात येऊन उभी होती. ती हूडला चिमणीच म्हणते, साताऱ्याच्या घरी आहे तशी. म्हणाली, "अरे, वरची चिमणी खालच्या चिमणीची हवा खेचतेय." दोन महिने मी जे शोधत होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं.

दोन कारणं एकत्र आली होती. हूड ६०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढणारा. इथल्या घरबांधणीच्या नियमात ४००च्या वरच्या हूडला बाहेरून भरपाईची हवा द्यावी लागते. बसवणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. दुसरं, सप्टेंबरात मी बेसमेंटच्या कडेच्या सगळ्या फटी फोम मारून बुजवल्या. त्याचे फोटो तुम्हाला दाखवलेच होते. घर घट्ट झालं. हूडला हवा कुठून तरी हवीच होती, तर ती बॉयलरच्या चिमणीतून खाली यायला लागली. आधीची अशक्त ज्योत तो वारा सहन करू शकत नव्हती, म्हणून तीन-चार दिवसांनी जायची. ऑरिफिस साफ केल्यावर ज्योत सशक्त झाली, म्हणून नऊ दिवस तगली. साफसफाईने खरं दुखणं झाकलं गेलं होतं.

हे फक्त पायलटपुरतं नाही, म्हणून इतकं लांबवून लिहितोय. त्याच वेळी मुख्य बर्नर चालू असता तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकला असता. नेहमीच्या अलार्मवर विसंबू नका. त्याच्या मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तो एक ते चार तासांनी वाजला तरी चालतं. मी आता कमी आकडेही दाखवणारे मॉनिटर आणलेत, एक बेसमेंटमध्ये आणि एक आईच्या खोलीबाहेर. दोन्हीवर आजपर्यंत शून्य आहे.

आता पुढचं. पायलट बर्नर नवाच बसवायचा असं ठरलं होतं, ते रद्द. तो उत्तम चाललाय. त्याऐवजी हवेचा हिशोब केला. बॉयलर १,२५,००० बीटीयू आणि गरम पाण्याची टाकी ४०,०००, मिळून १,६५,०००. जळणाच्या हवेसाठी दर हजार बीटीयूला ५० घनफूट जागा धरली तर ८,२५० घनफूट जागा हवी. माझं बेसमेंट २४ बाय ३० आणि सात फूट उंच, म्हणजे ५,०४०. फटी उघड्या होत्या तोवर भागत होतं, आता भागत नाही. बाहेरून एकच झरोका काढायचा तर दर ३,००० बीटीयूला एक चौरस इंच, म्हणजे ५५ चौरस इंच मोकळी जागा. धातूच्या जाळीत पाऊण भागच मोकळा धरायचा, तेव्हा ८ बाय १०ची जाळी पुरेल.

हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की हा झरोका बॉयलरच्या जळणासाठी आहे, हूडची भूक त्याने भागणार नाही. ६०० सीएफएम त्यातूनही ओढले तर धूर पुन्हा उलटा येऊ शकतो. म्हणजे हूडला वेगळी वाट हवी: स्वयंपाकघरातच सहा किंवा आठ इंची डक्ट, त्यात मोटरचा डॅम्पर (हवेची झडप), आणि हूड लागला की तो आपोआप उघडणार. वीज गेली तर हूडही बंद आणि डॅम्परही बंद, बॉयलरला कसलाच त्रास नाही. हे मला फार आवडलंय. झरोक्याचं काम आधी, डॅम्परचं मार्चमध्ये. शेवटी परवानाधारक प्लंबरकडून कम्बश्चन अॅनलायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) लावून तपासणी करून घेणार, ते स्वतःच्या अंदाजावर सोडायचं काम नाही.

तोवर हूड खालच्या गतीवर, स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी, आणि स्वयंपाक चालू असताना ड्रायर बंद. आईने स्वतःहून खिडकीच्या कडीला लाल दोरा बांधलाय, विसरायला नको म्हणून. गेल्या अकरा दिवसांत बॉयलर बंद असतानाचा सर्वांत कमी आकडा ५२२, तोही आमटीच्या फोडणीला.

परवाच्या बर्फात पाच तास वीज नव्हती. लॉगर बंद पडला, त्यामुळे आलेखात तेवढी मोकळी जागा आहे. पण अंधारात रेडिएटरच्या व्हेंटमधून हवा सुटल्याचा तो बारीक फुसफुसाट एकेका खोलीत पुढे सरकत गेला, आधी बैठक, मग जिना, मग आईची खोली.

एका गोष्टीवर तुमचं मत हवंय. झरोक्याची डक्ट भिंतीशीच सोडू की खाली वाकवून जमिनीपासून फूटभरावर, तोंडाशी बादली ठेवून, म्हणजे थंड हवा तिथेच साचून राहील आणि पाण्याचे पाइप गोठणार नाहीत? ज्यांनी हे केलंय त्यांनी पाइपांजवळचं तापमान मोजलं असेल तर आकडा नक्की सांगा. जाळी शनिवारी आणायची आहे.