प्लॅनेरिया कापण्याचा माझा अनुभव: सगळं अडलं ते पाण्यापाशी

प्लॅनेरिया म्हणजे गोड्या पाण्यातले चपटे कृमी; कापले तर एकेका तुकड्यातून पुन्हा अख्खा कृमी वाढतो. ते मिळवणं अवघड नाही. दिवाळीनंतर पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी नितळ झालं की कलेजीचा नखाएवढा तुकडा जाळीदार कापडात बांधून सावलीतल्या दगडाखाली तासभर ठेवायचा. सेंटिमीटरभर लांबीचे तपकिरी चपटे कृमी त्याला येऊन चिकटतात. मऊ ब्रशने उचलायचे, आठवडाभर उपाशी ठेवायचे आणि डोकं, धड, शेपूट असे तीन तुकडे करायचे. इथवर काहीच अडलं नाही. पुढचे तीन आठवडे मात्र फुकट गेले.

दर वेळी तिसऱ्या दिवशी बशीत तुकड्यांच्या जागी करडा, चिकट गाळ. ब्लेड बदललं, बशा बदलल्या, उपास वाढवला. दोष पाण्याचा होता. आमच्या नळाला सार्वजनिक विहिरीचं पाणी येतं आणि विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकतात. कधी टाकली, किती टाकली, एवढं कळायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. याची चीड अजून गेलेली नाही. अख्खे कृमी त्या पाण्यात तग धरून होते, म्हणून संशय आला नाही. पण कापलेल्या तुकड्याची कड उघडी असते आणि क्लोरीन थेट आतल्या पेशींना भिडतो. अख्ख्या कृमीवरही लक्ष ठेवा: डोकं आखडलं, अंग वेटोळं झालं, सरपटणं थांबलं, तर पाणी लगेच बदला.

खाडीजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेही नको. नुसतं डिस्टिल्ड वॉटरही चालत नाही, त्यात क्षार नसतात. शेवटी क्षार मोजूनच घातले. दहा लिटरसाठी मीठ 0.94 ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) 1.47, एप्सम सॉल्ट 2.46, मॅग्नेशियम क्लोराइड (हेक्साहायड्रेट) 0.20, पोटॅशियम क्लोराइड 0.07. हे सगळं एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून ठेवा. लागेल तेव्हा त्यातलं 100 मिली घेऊन लिटरभर करा आणि खायचा सोडा 0.1 ग्रॅम त्यानंतरच घाला. मी आधी सोडा दाट द्रावणातच टाकला होता. तळाशी पांढरा साका बसला, म्हणजे हवं असलेलं कॅल्शियमच निघून गेलं. पीएच 7 च्या आसपास हवा. पाणी तांब्याच्या कळशीत साठवू नका, तांबं या कृमींना विष आहे.

या पाण्यात जखम लगेच आकसली. दोन-तीन दिवसांत कापलेल्या कडेला रंगहीन, पांढुरका उंचवटा आला. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. तो घडवणाऱ्या मूलपेशी म्हणजे नियोब्लास्ट. प्लॅनेरियाच्या शरीरात विभाजन पावणाऱ्या कायिक (प्रजननाच्या सोडून इतर) पेशी त्याच, आणि एकूण पेशींत त्यांचा वाटा साधारण 20 ते 30 टक्के. सगळी दुरुस्ती त्यांच्यावर, म्हणून त्यांना सांभाळणारं पाणी महत्त्वाचं. आठवड्याभरात शेपटीच्या तुकड्यावर डोळ्यांचे दोन बारीक काळे ठिपके उमटले. भिंगातून ते पहिल्यांदा दिसले तेव्हा तीन आठवड्यांचा शीण उतरला.

डोळ्यांच्या पुढचं टोक किंवा ग्रसनी (अन्न ओढून घेणारी नळी) एकटी कापली तर तिथे नियोब्लास्ट नसतात. तो तुकडा मरणारच, त्यासाठी पाण्याला दोष देऊ नका. टी. एच. मॉर्गन या जीवशास्त्रज्ञाने 1898 साली शरीराच्या 1/279 भागातून अख्खा कृमी वाढल्याचं नोंदवलं होतं, पण सुरुवातीला इतके बारीक तुकडे करू नका.

कापण्याआधी बर्फावर ठेवलेल्या ओल्या फिल्टर पेपरवर कृमी घ्या, म्हणजे तो पसरून स्थिर राहतो. आपल्याकडचा उकाडा त्यांना सोसत नाही. थर्मोकोलच्या नव्या पेटीत बर्फाची बाटली सकाळ-संध्याकाळ बदलून 22 अंशांच्या आसपास ठेवा. ग्रसनी पुन्हा तयार होईपर्यंत तुकड्याला खाताच येत नाही, तेव्हा दोन आठवडे खाऊ घालू नका. टाकलेली कलेजी नुसती सडते. आणि बशी साबणाने कधीच धुऊ नका, गरम पाण्याने खळखळून घ्या.